तोंडात पिल्लं

हे कुणालाही खरं वाटणार नाही, पण माझं लग्न एका माशानं मोडलं. जुळायच्या आधीच!

"काका, झालं तुमचं सुरू?" टाकीच्या काचेवर बोट फिरवत पुतणी म्हणाली. मी कुठला थांबतोय!

तेव्हा मी घरोघरी माशांच्या टाक्या साफ करायचो. एकदा दातांच्या दवाखान्यातून निरोप आला. गेलो, तर डॉक्टरीणबाई टाकीसमोर हवालदिल.

"दहा दिवस ही मासोळी दाण्याला शिवली नाही. दाढ दुखत असेल?"

"सिक्लिड जातीची मादी आहे बाई. अंडी तोंडात धरून बसलीय. पिल्लं पोहायला लागेपर्यंत उपास."

"आणि तोवर तोंडही उघडायचं नाही?"

"तिला कुणाशी बोलायचंय!"

"तिचं नाही म्हणत मी..." असं म्हणून तिनं जे पाहिलं — माझ्या हातातली जाळी सुटून पाण्यात!

तिच्या टाकीत बाकीच्या माशांनी पिल्लं मटकावली असती, म्हणून मादीला मी घरी आणलं. मग रोज संध्याकाळी बाई हजर. ती हसली, की माझ्याकडचा निळा नर लाजून लालबुंद व्हायचा. देवाशपथ!

"आ करा," ती मला म्हणायची. मी आज्ञाधारकपणे करायचो. "दात तर ठणठणीत. मग शब्द कुठं अडकतात हो?"

मी आपला पाण्याचं तापमान सांगायचो.

एके दिवशी तिनं पर्स उगाचच उघडली, मिटली. "गावी परत चाललेय. दवाखानाही तिकडेच. रविवारी चारची गाडी. काही सांगायचं असेल तर... तोवर आहे मी."

आणि नेमकं रविवारी सकाळी मादीनं तोंड उघडलं! मोहरीएवढे डोळे घेऊन तीसेक पिल्लं बाहेर. जरा सावली हलली, की सगळी परत आईच्या तोंडात. अंधार पडेपर्यंत मी टाकीसमोरून उठलो नाही.

"मग?"

"मग काय! चारच्या ठोक्याला स्टेशनवर. खिडकीपाशी गेलो आणि सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं म्हणालो — जाऊ नका, माझ्याशी लग्न करा! तिचे डोळे भरले. म्हणाली, फार उशीर केलात हो..."

पुतणीचं बोट काचेवर थांबलं.

"अंधार पडेपर्यंत टाकीसमोर होतात ना?" ती हळूच म्हणाली. "काका... तुम्ही स्टेशनवर गेलाच नव्हतात."