सात शनिवारांचं स्टेशन

"हा रंग मी तुम्हाला देणार नाही."

आम्रपालीला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. सदाशिव पेठेतले दुकानदार गिऱ्हाइकाला कसे वाटेला लावतात, हे तिच्या रूममेटनं, पूर्वानं, तिला बजावून ठेवलं होतं. पण हातात पैसे घेऊन उभ्या असलेल्या माणसाला इतकं सरळ नाही म्हणायचं...

"कावून? म्हणजे — का बरं?"

काउंटरमागच्या तरुणानं चष्मा कपाळावर सरकवला. तिनं निवडलेली परदेशी रंगाची बोटभर बाटली उन्हात धरली, मग तिच्या हातातल्या बुटाच्या खोक्यात डोकावला. आत पुठ्ठा आणि प्लास्टिकच्या पातळ पट्ट्यांचं एक इवलंसं रेल्वे स्टेशन होतं. उतरतं छप्पर, एक बाक, तिकिटाची खिडकी.

"ह्या भिंतींना अशा चार बाटल्या लागतील. तुम्ही आज एक घ्याल, पुढच्या महिन्यात दुसरी. मार्चमध्ये कंटाळून खोकं माळ्यावर टाकाल. मला वाईट वाटेल."

"तुम्हाला कशाला वाईट वाटेल जी?"

त्या 'जी'पाशी तो जरा अडखळला. मग खाली वाकला आणि एकेक ट्यूब काउंटरवर मांडत गेला.

"ह्या कॉलेजची मुलं वापरतात त्या अ‍ॅक्रिलिकच्या ट्यूबा. पांढरा, काळा, लाल, पिवळा, निळा, गेरू, तपकिरी. सातांत अख्खं स्टेशन होतं. पाण्यानं साय काढलेल्या दुधाइतका पातळ करायचा आणि दोन-तीन हात द्यायचे. पोस्टर कलर नको, ओल्या बोटानं निघतो. कापडाचा नको, रबरासारखा सोलतो. खाली गाड्यांचा राखाडी प्रायमर मारा, गॅरेजवाल्यांकडे स्वस्तात मिळतो. पांढरा मात्र चांगल्यातला घ्या. स्वस्त पांढरा काही झाकत नाही. आणि ब्रशमध्ये कंजूषपणा नको."

"एवढं शिकवून तुमचा धंदा कसा होतो?"

"धंदा काकांचा आहे. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून मी शनिवारपुरता. एरवी कर्वेनगरला दातांच्या लॅबमध्ये असतो. कवळ्या, कॅप, त्यांना रंग देणं. मी शुभंकर."

"मी आम्रपाली. हिंजवडीत टेस्टिंग करते. लोकांच्या कामातल्या चुका काढायचा पगार मिळतो मला."

"मग बोलताना जपायला हवं," तो म्हणाला. "सगळ्या देऊ?"

आम्रपालीनं सात ट्यूबांकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

"आज एकच. पांढरी."

पुढच्या शनिवारी ती पिवळी न्यायला आली, तेव्हा त्यानं प्लास्टिकच्या चमच्यांचा एक जुडगा काढून ठेवला होता. रंग आधी चमच्यावर लावायचा, रात्रभर वाळू द्यायचा आणि सकाळी नखानं खरवडून बघायचं. टिकला तरच तो स्टेशनवर जायचा. आम्रपाली चमचे घेऊन जायची, आठवड्यानं परत आणायची आणि दोघं ते खिडकीपाशी रांगेनं लावून त्यांच्यावर भांडत बसायची.

"भिंत पिवळी होती म्हणता, पण कसली पिवळी?" तिसऱ्या शनिवारी त्यानं विचारलं. "लिंबू, हळद, का जुना पेपर?"

"तेच तर आठवत नाही जी." तिचा आवाज खाली आला. "फोटो एकच आहे. तोही फ्लॅशनं पांढरा झालेला."

मग तिनं सांगितलं. भंडाऱ्याकडचं ते छोट्या गाडीचं स्टेशन. तिचे बाबा, रतन रामटेके, तिथं बत्तीस वर्षं पॉइंट्समन होते. गाडी कुठल्या रुळावर घ्यायची, ते खटका ओढून ठरवणारे. मोठी लाइन आली आणि स्टेशन एका दुपारी पाडलं. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत आणि त्यानंतर त्यांनी त्या स्टेशनचं नावही काढलं नाही. आता प्रजासत्ताक दिनाला ते पहिल्यांदा पुण्याला येणार होते. त्याच दिवशी कर्वेनगरच्या हॉलमध्ये छोट्या प्रतिकृतींचं प्रदर्शन होतं, आणि तिथं हे स्टेशन त्यांच्यासमोर ठेवायचं होतं.

"बक्षीस मिळालं तर बरंच. पण त्यांनी ओळखलं पाहिजे. नाही ओळखलं, तर... मी त्यांचं दुखणं उगाच उकरून काढलं, एवढंच होईल."

शुभंकरनं हातातला चमचा खाली ठेवला. मग त्यानं खिशातून एक पट्टी काढली. तिच्यावर ओळीनं नंबर घातलेले नकली दात बसवले होते, पांढऱ्यापासून पिवळटापर्यंत.

"ह्यातला कुठला? डोळे मिटून आठवा, मग उघडा."

आम्रपालीनं डोळे मिटले. उघडले. शेवटून तिसऱ्या दातावर बोट ठेवलं.

"दिवसाला आठ चहा पिणाऱ्या माणसाचा दात," तो गंभीरपणे म्हणाला. "पांढऱ्यात चिमूटभर पिवळा, त्याच्या निम्मा तपकिरी. मिळाली तुमची भिंत."

ती हसली, तेव्हा त्यानं पट्टी हळूच तिच्या ओठांपाशी धरली आणि बघून खिशात घातली.

"काय बघितलंत?"

"सवय आहे... कामाची."

"मग? कितवा नंबर?"

"नंबर नाही काढला," तो ट्यूबांची झाकणं उगाच घट्ट करत म्हणाला. "हसणं थांबवलंत ना तुम्ही."

सातव्या शनिवारी शेवटची, लाल ट्यूब गेली. पुढच्या चार-पाच दिवसांत भिंत, खालचा गेरूचा पट्टा, बाक, सिग्नल, सगळं उभं राहिलं. प्रदर्शनाला दोन दिवस उरले होते. रंग जपायला वरून मॅट वॉर्निशचा फवारा तेवढा बाकी होता. तो मारायला शुभंकर सकाळी सातला तिच्या सोसायटीच्या गच्चीवर आला. कठडा दवानं ओला होता. त्याला लॅब गाठायची होती. त्यानं डबा हलवला आणि फवारा मारला.

दोन मिनिटांत स्टेशन पांढरं पडलं. भिंत, छप्पर, रूळ, सगळ्यावर दुधाळ पापुद्रा चढला.

दमट हवेत फवारा मारायचा नाही, हे गेला महिनाभर तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आला होता.

"अहो, काहीतरी बोला," तो कसाबसा म्हणाला. "शिव्या द्या."

"आमच्याकडच्या शिव्या फार लांब असतात जी. आधी बघू द्या."

ती गुडघ्यांवर बसली. डोळे स्टेशनच्या फलाटाच्या उंचीला आणले. बराच वेळ तशीच राहिली. शुभंकरनं घाईघाईनं पिशवीतून चकचकीत वॉर्निशची बाटली काढली. "हे ब्रशनं लावलं की पांढरेपणा जातो. मी करतो सगळं नीट, आज लॅबला जात नाही, मी —"

तिनं त्याचं मनगट धरलं.

"थांबा. जानेवारीत पहाटेच्या गाडीला बाबा जायचे ना, तेव्हा आमचं स्टेशन असंच दिसायचं. धुक्यात. मी ते विसरलेच होते... मी आपलं दुपारचं स्टेशन करत बसले होते."

"मग काहीच करू नको?"

"सिग्नलचा दिवा तेवढा उघडा करा. धुक्यात तोच दिसायचा."

दिवा मोहरीएवढा होता. तिनं मनगट अजून सोडलं नव्हतं, आणि त्यानंही ते सोडवून घेतलं नाही. त्यानं ब्रशचं टोक टेकवलं. पांढऱ्या पडद्यातून लाल ठिपका हळूहळू उजळत आला.



प्रदर्शनाचे परीक्षक तात्याराव भिंग घेऊन फिरत होते. चाळीस वर्षं छोट्या आगगाड्या बनवणारा माणूस. त्यांच्या तोंडून 'बरं आहे' ऐकायला लोक वर्षभर थांबत. आम्रपालीच्या टेबलापाशी ते वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"धुकं कशानं केलंत? कापूस नाही, पावडर नाही. बाहेरून मागवलंत काही?"

"चुकीनं झालं जी."

"कोणाच्या?"

"ह्यांच्या."

शुभंकर छताच्या पंख्याकडे बघू लागला. तात्यारावांनी फॉर्मवरचा 'वापरलेले रंग' हा रकाना वाचला, तिथल्या कॉलेजच्या ट्यूबांचं नाव पुन्हा वाचलं आणि पुढे गेले.

तेवढ्यात काळा चष्मा लावलेले शुभंकरचे रंगरावकाका पुढे आले.

"तर ह्या त्या चमचेवाल्या. बरं झालं, स्टेशन झालं. आता माझं दुकान मला परत मिळेल."

"म्हणजे?" आम्रपालीनं विचारलं.

"माझा डोळा महिन्यापूर्वीच बरा झालाय. हाच शनिवारी गल्ल्यावरून उठत नव्हता. मी पलीकडे बाकावर बसून माझ्याच दुकानाकडे बघायचो," असं म्हणून काका पुढच्या टेबलाकडे निघून गेले.

शुभंकरचे कान लाल झाले. "ते काय झालं... मी सांगणारच होतो —"

"मला सातही ट्यूबा पहिल्याच दिवशी घेता आल्या असत्या," आम्रपाली म्हणाली. "पर्समध्ये पैसे होते. एका शनिवारी एकच घ्यायची, असं मी तिथं उभ्या उभ्या ठरवलं."

त्यानं चष्मा काढला. पुन्हा घातला.

"आम्रपाली, मला... तुम्ही..."

"मला पण. आणि आता तुम्ही-आम्ही पुरे. तू म्हण."

तो तू म्हणणार, इतक्यात दारातून पांढऱ्या सदऱ्यातला एक उंच, वाकलेला माणूस आत आला. गाडी चार तास लेट झाली होती. आम्रपालीनं बाबांची पिशवी घेतली आणि एक शब्दही न सांगता त्यांना टेबलापाशी आणून उभं केलं.

रतन रामटेके बघत राहिले. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मंचावर माइक खरखरला, कोणीतरी टाळ्या वाजवल्या. ते वाकले. आणखी वाकले. मग कपाळाला आठ्या पडल्या.

"पोरी, धुई एवढी पडली हाय," ते दटावून म्हणाले, "गाडी मेन लाइनले येऊन राहिली, अन् तुझा पॉइंट बाजूच्या लूपले लागला हाय. एखादा मरंल ना."

त्यांनी करंगळीच्या नखानं तो केसाएवढा रूळ सरकवला. बसला का, ते पाहिलं. मग पाठ ताठ केली. बत्तीस वर्षं फलाटावर जसे उभे राहत, तसे उभे राहिले.

आम्रपालीला समोरचं काही दिसेना. तिनं बाजूला हात नेला, तर शुभंकरचा हात तिथंच होता.

बाबांनी त्या दोन हातांकडे पाहिलं. "हे कोण?"

"हा शुभंकर, बाबा. रंग आम्ही दोघांनी दिला."

"हं. रंग बराबर हाय," ते म्हणाले. ही त्यांची पसंती होती, हे तिला ठाऊक होतं, आणि शुभंकरला कळायला वेळ लागला नाही.

माइकवरून तात्यारावांचा आवाज आला. "पहिलं बक्षीस, आम्रपाली रामटेके." टाळ्या उसळल्या. ती हलली नाही, तेव्हा त्यांनी नाव पुन्हा घेतलं, आणि सगळा हॉल मागे वळला.

बाबांनी रुळांवरची नजर न काढता एक हात वर केला.

"थांबा जी. गाडी जाऊ द्या."

सगळा हॉल थांबला.