काका, चूक करून दाखवा!

आत्याच्या पत्राला आजोबांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. "बाबा, आता दुरुस्तीचं दुकान बंद करा आणि माझ्याकडेच राहायला या," असं तिनं लिहिलं होतं. सुट्टीला आलेल्या त्यांच्या नातीला, मुंगीला, हे कळलं. दुकानाशिवाय आजोबा? छे!

त्यातच आज दुकानातला तिसरा माइक जळाला.

"बाबांचे हात थरथरतात. काहीतरी चुकीचं जोडलं असणार," काका म्हणाले. "ताईनं पत्रात लिहिलंय तेच खरं. पुरे आता!"

आजोबा नुसता चष्मा पुसत राहिले.

मुंगीनं धाकट्या भावाला, ढब्बूला, कोपरानं ढोसलं. दोघं टेबलाखाली शिरली. तिथे भाड्यानं द्यायच्या स्पीकरच्या वायरी लोंबत होत्या.

"ताई, ही दोन टोकं बघ! जुळी भावंडं!"

"अरे, पण एकातून आवाज जातो आणि दुसऱ्यातून वीज! घाईत माइक विजेच्या टोकाला लावला, की संपलाच!" मुंगी ताडकन उठली आणि तिचं डोकं टेबलावर आपटलं. "आई गं! काका, हे गोल प्लग कुणी बसवले?"

"मीच! बंद कारखान्यातलं उरलेलं पोतंभर मिळालं, फुकटात म्हण ना! सगळीकडे एकच प्लग, म्हणजे किती सोपं!"

"इतकं सोपं, की माइक वीज प्यायला!" ढब्बू म्हणाला.

काकांचा चेहरा पडला.

मुंगीनं पोतं उपडं केलं. त्यात तीन पिनांचे प्लग होते, तसे चार पिनांचेही होते!

"आजोबा, आवाजाला तीनचे आणि विजेला चारचे लावले तर?"

आजोबांनी आधी स्पीकरचा स्विच बंद केला. मुंगीनं वायर धरली. सोल्डरिंगची तापलेली टोकदार सळई उचलताना त्यांचा हात थरथरला खरा. पण ती पिनेला टेकली आणि हात असा स्थिर झाला, की मुंगीनं श्वासच रोखून धरला.

"आता काका, चूक करून दाखवा!"

काकांनी माइक विजेच्या टोकात दाबला, फिरवला, जीभ बाहेर काढून रेटला.

"अरेच्चा! जातच नाही की!" मग ते हळूच म्हणाले, "बाबा, चूक माझी होती आणि खापर फोडलं तुमच्या हातांवर."

"असू दे रे. पोरं मात्र तुझ्यावर गेली नाहीत, हे बरं झालं!"

काकाच सगळ्यात मोठ्यानं हसले. "शाब्बास, पोरांनो! माझे कान टोचलेत!"

संध्याकाळी आजोबांनी आत्याला लिहिलं, 'दुकान चालू आहे. सुट्टीपुरते दोन नवे कारागीर लागले आहेत. तूच ये बघायला.'

टपालपेटी उंच होती. मुंगीनं ढब्बूला कमरेला धरून उचललं.

"टाकलंस का रे?"

"टाकलं!"