कोनाड्यातली मेणबत्ती

"ठेव ती खाली! तुझा हात नको लागायला तिला!"

आगाफियाचा आवाज अंगणात कडाडला आणि अक्रोडाच्या झाडाखाली द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळत बसलेल्या शेजारणींचे हात जागच्या जागी थांबले. वार्वाराने आईकडे न बघता ती लांब पिवळी मेणबत्ती टेबलावर ठेवली... उद्या बाबांचं पुण्यस्मरण, पाद्री येणार, अख्खं गाव जेवायला येणार, आणि दरवर्षीप्रमाणे यंदाही कबरीवरची मेणबत्ती घरच्या थोरल्या लेकीने नाही, कुणा शेजारणीने धरायची! बारा वर्षं चालली होती ही शिक्षा.

बारा वर्षांपूर्वी अशाच द्राक्षांच्या हंगामात तिला किशिनाऊ शहरातल्या मद्यशास्त्राच्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला होता. "मी जाणार म्हणजे जाणारच," असं म्हणून ती सकाळी बाबांशी कडाकडा भांडली, बाबा रागारागाने बुधला उचलून तळघरात उतरले, आणि ते परत आलेच नाहीत. दुपारी शेजारच्या ग्रिगोरे काकांनी वाईनच्या पिंपाच्या पायथ्याशी पडलेला त्यांचा थंडगार देह वर ओढून काढला. डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं. आगाफिया म्हणाली, लेकीने बापाचं काळीज फोडलं! आणि त्याहून भयंकर म्हणजे, तिचा नवरा सिमियोन मेणबत्तीवाचून गेला. मरणाऱ्याच्या हातात जळती मेणबत्ती नसेल तर त्याला पलीकडची वाट दिसत नाही, हे त्या गावात शेंबडं पोरही जाणतं. आपला नवरा अजून अंधारात चाचपडतो आहे आणि ते पाप या पोरीचं, असं आगाफियाने एकदा ठरवलं ते ठरवलं.

आणि वार्वाराने ते मानलं! हीच तर चीड येण्यासारखी गोष्ट. महाविद्यालयाचा नाद सोडला, सांगून आलेली स्थळं परतवली, द्राक्षमळ्यात राबून हाताची सालं काढली आणि धाकट्या भावाला, आर्सेनीला, त्याच शहरात, त्याच महाविद्यालयात मद्य बनवण्याचं शास्त्र शिकायला धाडलं. आपण नाही तर निदान तो... एवढ्या एका विचारावर ती जगत होती.

तो आर्सेनी आत्ताच फाटकातून आत आला होता, खांद्यावर पिशवी टाकून.

"या साहेब, या!" आगाफियाने त्याला फाटकातच गाठलं. "इतकी वर्षं पुस्तकं खाल्लीत आणि आता दुकानाच्या गोदामात खोकी उचलता. त्याला पदवी लागते होय रे?"

"लागते की आई. खोकी तुझ्यासारखी आपटून चालत नाहीत."

शेजारणी फिसकन हसल्या. पण चुलीपाशी ताईसमोर बसल्यावर त्याचं हसू मावळलं.

"ताई, खरं सांगू? शिकलेल्यातलं काडीचंही कामाला आलं नाही. तुझं आयुष्य मी फुकट घालवलं बघ. पुढच्या महिन्यात इटलीला चाललोय. फरशा बसवायला."

वार्वाराच्या हातातली पळी मामालिगाच्या भांड्यात तशीच उभी राहिली. मक्याचं ते पिवळं पीठ रटरटत राहिलं, आणि तिला वाटलं, आपल्या छातीतलं काहीतरी आता करपलं... फुकट! एका शब्दात तिचं तारुण्य त्याने केराच्या टोपलीत टाकलं होतं, आणि तेही किती प्रेमाने!

"वार्वारा! मेलीस का आत?" बाहेरून हाक आली. "उद्याची वाईन काढून आण. जुन्या पिंपातली."

तळघर अंगणाच्या कडेला होतं, जमिनीत खोल. सिमियोन गेल्यापासून नवा रस तिथे आंबवायला ठेवलाच नव्हता. यंदा मात्र द्राक्षं अशी लदबदून आली की वरच्या कोठीत पिंपं मावेनात, म्हणून अर्धी खाली नेली होती. आता रात्रंदिवस ती खदखदत होती. आगाफियाने रिवाजाप्रमाणे वर दारालगतच्या कोनाड्यात, मरियमच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली, छातीवर क्रूस काढला आणि ज्योत शांत तेवते आहे असं पाहून म्हणाली, "जा. मरियम आईची परवानगी आहे."

वार्वारा उतरू लागली. घरचं मांजर मधल्याच पायरीवर अंग फुगवून बसलं होतं, काही केल्या पुढे जाईना. तिने त्याला ओलांडलं, आणखी खाली गेली... आणि एकाएकी तिच्या गुडघ्यांतलं बळच गेलं. कानांत गुंगुं आवाज. श्वास घ्यावा तर आत काही येतच नाही! तेवढ्यात मागून कुणीतरी तिचा दंड पकडून असा हिसका दिला की ती पायऱ्यांवर ढोपरं फोडत फोडत वर अंगणात येऊन पडली.

आर्सेनी होता. पांढराफटक.

"आई, ही मेणबत्ती हातात धरून का नाही उतरत तुम्ही?"

"तुझे आजोबा उतरायचे तसे. मग विजेचा दिवा आला, हात मोकळे हवेत, म्हणून मीच हा कोनाडा करवून घेतला. देवापुढे जळलेली बरी."

आर्सेनीने कोनाड्यातली मेणबत्ती उचलली. आगाफिया किंचाळली, पण त्याने ऐकलं नाही. अक्रोड झोडायच्या लांब काठीच्या टोकाला ती बांधून, वरच्या पायरीवर पोटावर पालथं पडून तो काठी हळूहळू खाली सोडू लागला.

मांजराच्या पायरीपर्यंत ज्योत नीट होती. तिच्या खाली, कुणी फुंकलं नाही, वारा नाही, ज्योत वातीवरून अलगद सुटली आणि गेली! जणू कुणी तिला पाण्यात बुडवलं. आणि तिचा धूर... तो खाली गेला नाही, वर आला नाही. हवेतच आडवा पसरला, संथ, सपाट, जशी पहाटे तळ्यावर धुक्याची साय धरते तशी. पुन्हा पेटवली, पुन्हा सोडली, पुन्हा त्याच जागी बुडाली.

वार्वारा सरकत सरकत दारापर्यंत आली. तिच्या तळघरात तळं होतं! ज्याला रंग नाही, वास नाही, लाट नाही असं अथांग तळं, आणि त्याचा काठ तिला आत्ता डोळ्यांनी दिसत होता.

आर्सेनीने दोरीला बादली बांधून खाली सोडली, थोडा वेळ थांबून वर ओढली. बादली रिकामी. त्याने ती ओसरीवर पेटत्या मेणबत्तीवर ओतली, पाणी ओततात तशी. थेंब पडला नाही, आवाज झाला नाही, ज्योत विझली. शेजारणींनी पटापटा क्रूस काढले. ओरडा ऐकून धावत आलेल्या ग्रिगोरे काकांनी टोपी उतरवली.

"रस आंबताना हा वायू सुटतो," आर्सेनी म्हणाला. "हवेपेक्षा जड. खाली साचतो, त्यात ज्योत विझते आणि माणूस गुदमरतो. एका तासाला शिकवलं होतं, अर्धा वर्ग झोपला होता. परीक्षेला आलंच नाही ते."

वार्वारा उठली, ढोपरांतून रक्त येत होतं, आणि तिने विचारलं, "ग्रिगोरे काका, बाबा कुठे पडले होते?"

"अगदी खाली गं. पिंपाच्या बुडाशी. वाकलो तर मलाही भोवळ आली... मला वाटलं, भीतीने."

"आणि कोनाड्यातली मेणबत्ती?"

म्हातारा आगाफियाकडे बघेना. "ती जळत होती."

आगाफिया उभी होती तिथेच मटकन खाली बसली. सगळं एकदमच तिच्या ध्यानात आलं. भांडण नव्हतं, काळीज नव्हतं... कोनाडा होता! हातात असती तर वेळेवर विझून सावध करणारी मेणबत्ती त्याने वरच अडवून ठेवली होती. तिने करवून घेतलेला, तिने सजवलेला, रोज हात जोडलेला कोनाडा!

"बारा वर्षं!" वार्वारा ओरडली. असा आवाज त्या अंगणाने तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "बारा वर्षं मी बापाला मारलं म्हणून जगले, आई! मी गेले असते त्या वर्गात, तर पहिल्याच वर्षी कळलं असतं मला! तूच जाऊ दिलं नाहीस!"

"मार मला," आगाफिया हुंदक्यांतून म्हणाली. "मीच खाल्लं गं त्याला... अंधारात सोडलं..."

वार्वाराचा हात खरोखर वर गेला होता. पण तिने पाहिलं, ती म्हातारी आत्ता जिथे बसली आहे ती जागा आपल्या ओळखीची आहे. तिथला प्रत्येक दगड आपण पाठीवर वाहिला आहे. त्या जागी आणखी कुणाला बसवायचं? तिने हात खाली घेतला आणि आईच्या शेजारी मातीत बसली.

"ऐक. त्या तळ्यात बाबांच्या हातात कुणी मेणबत्ती दिली असती तरी ती जळली नसती. कळलं? आपल्यापैकी कुणाच्याच हातात नव्हतं ते. माझ्या नाही आणि तुझ्याही नाही."

आगाफियाने तिच्या मांडीत तोंड खुपसलं आणि ती बारा वर्षांचं रडली.

संध्याकाळपर्यंत आर्सेनी तळघराला झरोके फोडत, पंखा लावत खपला. वार्वारा वरच्या पायरीवर बसून त्याला विचारत राहिली, "आणि त्या तासाला अजून काय सांगितलं? आठव ना... पुढे काय सांगितलं?" तो आठवून आठवून सांगत होता, आणि तिचे डोळे लहान मुलीसारखे मोठे होत होते. त्याने इटलीचं नाव पुन्हा काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी कबरीपाशी पाद्र्याने प्रार्थना सुरू केली. सवयीने शेजारीण पुढे झाली. आगाफियाने तिला बाजूला सारलं, ती पिवळी मेणबत्ती पेटवली आणि सगळ्या गावादेखत वार्वाराच्या हातात दिली.

टेकडीवर वारा होता. ज्योत वाकली, निळी झाली, आता जाते की काय असं झालं... तशी आगाफियाने आपले दोन्ही सुरकुतलेले हात पुढे करून लेकीच्या हातांभोवती ओंजळ धरली, आणि प्रार्थना संपेपर्यंत ती काढली नाही.