दोन ठोके, मग एक

त्या संध्याकाळी आत्याने मला तळघरात पाठवलं, ते फक्त चीजची मोठी गोल चाकं उलटून मीठपाण्याने पुसायला.

कुरणावर धुकं उतरलं होतं. मोरेत्ता गाय कळपामागे राहिली, म्हणून बाबा तिला शोधायला पुन्हा वर गेले होते. त्या वाटेच्या एका अंगाला सरळ कडा आहे. एरवी धुक्यात आम्ही तांब्याचा हंडा वाजवतो. वरचा माणूस आवाजाच्या रोखाने उतरतो. तो पोचला की मात्र लगेच थांबायचं, असं आजोबा बजावायचे. कड्यावरून पडून मेलेली माणसं-गुरंही तो आवाज ऐकून येतात, म्हणायचे.

पण आज हंड्यात चीजसाठी लावलेलं दिवसभराचं दूध थिजायला लागलं होतं. आत्ता धक्का लागला की चीज गेलं.

"आपल्यासाठी कधी धावलाय का असा? गाईसाठी बघा," देल्फिना आत्या पुटपुटली. तिची नजर दारावरून हलत नव्हती. "तू जा बाई, नीवेस. माझं तोंड बघत बसू नकोस."

तळघरात ओल्या दगडांचा आणि आंबूस सालींचा वास होता. कंदील खाली ठेवून मी एकेक चाक उलटत गेले. मागच्या फळीवर आजोबांच्या हातचं शेवटचं चाक होतं. हिवाळ्यात ते वारले, तेव्हापासून त्याला कोणी हात लावला नव्हता.

ते ओलं होतं. नुकतंच पुसल्यासारखं.

मग ठोके ऐकू आले. दोन... मग एक. चाक आतून पिकलं का, ते आजोबा हातोडीने वाजवून बघायचे, तसे. आत्याने शेवटी हंडा वाजवायला घेतला, असं मनाशी म्हणत मी वर पळाले.

आत्या हंड्याचा काठ धरून उभी होती. दूध ओतून देऊन हंडा वाजवायच्या बेतात.

"खाली तूच वाजवत होतीस ना?" तिने विचारलं.

"नाही... मला वाटलं, तू."

ठोके चालूच होते. फरशीखालून.

आम्ही तशाच उभ्या राहिलो. बऱ्याच वेळाने अंगणात गाईच्या गळ्यातली घंटा किणकिणली. मोरेत्ता आली, आणि तिच्यामागे चिंब भिजलेले बाबा.

"बरं झालं वाजवलंत. मी कड्याकडेच चाललो होतो," ते हसले. "पोरगी अगदी आजोबांसारखी वाजवायला शिकली की."

आत्याने दाराला अडसर घातला. आम्ही तिघं घरात होतो, मोरेत्तासकट सगळ्या गाई गोठ्यात.

दोन... मग एक.

"नीवेस," बाबा हळूच म्हणाले, "आता खाली कोण आहे?"

वरच्या वाटेवर, धुक्यात, आणखी एक घंटा वाजत खाली येत होती.