माशीखालची चिठ्ठी

यातला एक शब्दही माझ्या पदरचा नाही. मावशीने सांगितलं, तसंच लिहितोय. शेवटचं तर मी स्वतः पाहिलंय.

दोन वर्षांपूर्वीचा मार्च. सोमवार. दुपारचे तीन. जागा, संग्रहालयाच्या तळमजल्यावरची माश्यांची खोली.

माझी मावशी किनाऱ्यावरच्या माश्यांचा अभ्यास करायची. ओहोटी लागली की कुजक्या शेवाळाच्या ढिगांशी गुडघे टेकायचे, जाळी फिरवायची. नवी जात सापडली तर तिची नोंद करायची. एकवीस वर्षं हे तिने एकाच माणसाच्या हाताखाली केलं.

सर.

तिला ते वडिलांच्या जागी होते. महिन्याभरापूर्वी वारले, तेव्हा दोन दिवस तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

त्या सोमवारी ती त्यांचं कपाट आवरायला बसली. किल्ली काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनेच दिली होती. "तूच आवर बाई. 'माझ्यामागे सगळं तिचंच,' म्हणायचे गं ते."

खालच्या खणात एक पेटी निघाली. आत टाचण्यांवर एकेचाळीस माश्या. करड्या, तिळाएवढ्या. मागच्या पायांवर काट्यांची दुहेरी रांग.

मावशीने लगेच ओळखल्या. तिनेच पकडल्या होत्या. नवी जात म्हणून नाचत सरांकडे नेल्या होत्या. भिंगातून बघून ते म्हणाले होते, "जुनीच आहे गं. फेकून दे."

त्यांनी फेकल्या नव्हत्या...

प्रत्येक माशीखाली एक चिठ्ठी. किनारा तिचा. तारीख तिची. शोधणाऱ्याचं नाव मात्र सरांचं.

मावशीला रडूसुद्धा आलं नाही. तिने आपली डायरी काढली, स्वतःच्या नावाच्या नव्या चिठ्ठ्या लिहिल्या, जुन्या फाडल्या. पेटीला कुलूप लावून किल्ली पर्समध्ये टाकली.

दाराशी पोचली, तोच मागून आवाज आला...

फू.

चिठ्ठी लिहून झाली की शाई वाळावी म्हणून सर अशीच हलकी फुंकर मारायचे.

ती वळली. खोलीत कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कुलूप जसंच्या तसं. पेटी उघडली, तर एकेचाळीस चिठ्ठ्यांवर सरांचं अक्षर.

तिने बोट लावलं... शाई ओली होती.

"काल माझ्यानंतर कुणी आलं होतं?" तिने शिपायाला विचारलं.

"नाही मॅडम. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज येत होता. मला वाटलं, तुम्हीच बसलाय."

तीनदा तिने चिठ्ठ्या बदलल्या. तीनदा त्या परत सरांच्या झाल्या.

चौथ्या दिवशी ती त्या रिकाम्या खुर्चीसमोर उभी राहिली.

"सर, मागितलं असतंत तर मी दिलं असतं हो. बरं, दोघांचं नाव घालते. मग तरी झालं?"

तिने दोन्ही नावांच्या चिठ्ठ्या लिहून लावल्या. तिला वाटलं, मिटलं.

सकाळी पाहिलं, तर प्रत्येक चिठ्ठीवरचं तिचं नाव पात्याने खरवडलेलं. इतक्या नाजूक हाताने, की कागदाला भोकसुद्धा नव्हतं.

मावशीने पेटी संग्रहालयाच्या ताब्यात दिली आणि माश्यांचं काम कायमचं सोडलं. त्या जातीवर एक ओळही लिहिली नाही.

मागच्या महिन्यात तिच्या पत्त्यावर एका संशोधन-नियतकालिकाचा अंक आला. पाठवणाऱ्याचं नाव नाही. आत तीच माशी. आकृत्या, मापं, नवं नाव. लेखक एकटे सर.

मी संपादकांना फोन लावला.

"तो लेख ना? सहा महिन्यांपूर्वी टपालाने आला. हाताने लिहिलेला. पत्राखाली सही त्यांचीच होती की. का हो?"

सर जाऊन तेव्हा दीड वर्ष उलटलं होतं. मी फोन ठेवला.

मावशीचं तिकडे लक्षच नव्हतं. ती लेखाचं शेवटचं पान उघडून बसली होती. तिथे आभार होते. होडीवाल्याचे, चित्रकाराचे, चहावाल्याचेसुद्धा...

तिचं बोट पुन्हा पुन्हा त्याच ओळींवरून फिरत होतं.

"माझं नाव... तुला दिसतंय का रे कुठे?"

नव्हतं.