चुकून उचललेलं हेल्मेट

डोळे मिटा पाहू. सकाळ आहे. उज्जैनचा टावर चौक. पोह्यांच्या गाडीवर वाफ, शेजारी जलेबीची कढई, आणि बाकावर दोन काळी हेल्मेटं, अगदी जुळी. दिसली? आता त्यातलं एक उचलून निघालेला तो उंच मुलगा बघा... आणि त्याच्यामागे धावणारी ऋता.

“भैया, रुकिए! ते हेल्मेट माझं आहे!”

तो थबकला. “अरे — तुम्ही मराठी?”

“मराठी नसते तरी हेल्मेट माझंच असतं.”

“सॉरी. आय वॉज मिस्टेकन.” त्याचे कान लाल झाले. हा आल्हाद, बँकेत नोकरीला.

ऋता मुलांना इंग्रजी शिकवायची, त्यामुळे तिला राहवलं नाही. “अगदी योग्य शब्द! ‘मिस्टेक’ म्हणजे मुळात चुकीची वस्तू उचलणं.”

“म्हणजे हा शब्द माझ्यासाठीच राखून ठेवला होता!”

ऋताची भाची भार्गवी जलेबी खाता खाता खुदकन हसली.

मग पोहे रोजचेच झाले. तो मुद्दाम चुकीच्या हेल्मेटकडे हात न्यायचा, ती डोळे वटारायची. आणि एका शनिवारी तो म्हणाला, “बदली झाली. भोपाळ. उद्याच निघतोय.”

“अरे वा! छान.”

“छान...?” त्याने प्लेट तशीच खाली ठेवली आणि गेला.

दिवसभर ऋताचं चित्त कशात लागेना. फोन उचलायची, ठेवायची. चहा गार झाला, गरम केला, पुन्हा गार झाला.

“आत्या, तू मिस्टेकन आहेस का?” भार्गवीने विचारलं.

ऋताला हसूही आलं, रडूही. “पूर्वी कुणी ‘मी मिस्टेकन आहे’ म्हटलं, तर अर्थ व्हायचा — लोकांनी मला चुकीचं समजलंय. आता उलटं झालंय. आता अर्थ होतो, मीच चुकीचं समजले.”

“मग तुझं कुठलं?”

“जुनं,” ऋता पुटपुटली.

“पण काका तर बँकेत आहे. त्याला जुनं कसं कळणार? सांगावं लागेल ना!”

रविवारी आल्हाद मोटरसायकलला बॅग बांधूनच आला. पोहे मागवले, पण दोघांनाही जाईनात. ऋता चमच्याने शेव इकडून तिकडे सारत राहिली.

“निघतो. ऊन चढेल.”

“हो... सांभाळून जा.”

तो उठला. भार्गवीने आत्याला कोपर मारलं.

“थांबा! काल मी छान म्हटलं — ते खोटं होतं. मला मुळीच छान वाटलं नाही. तुम्ही जाऊ नये असं... म्हणजे जा, पण —”

“पण?”

“पण परत या. माझ्यासाठी.”

आल्हाद पुन्हा बाकावर बसला. “मला वाटलं, तुम्हाला काही फरकच पडत नाही.”

“पडतो. बहुत पडतो.”

“मग पुढच्या रविवारी येतो.”

“नक्की? तिथे नवं काम, नवी माणसं... विसरलात तर?”

आल्हादने गार झालेल्या पोह्यांची प्लेट पुन्हा पुढे ओढली.

तेवढ्यात भार्गवीने पाकाची बोटं फ्रॉकला पुसली, आत्याचं हेल्मेट त्याच्या मोटरसायकलच्या आरशाला अडकवलं, आणि त्याचं आपल्या डोक्यात घालून आत्याच्या स्कूटीवर जाऊन बसली.