अर्धवट ते टाकून द्यायचं

अंबरनाथच्या एमआयडीसीत, पहिल्या मजल्यावरच्या एका लांबट खोलीत कॅमेऱ्यांचे रेकॉर्डर बनतात. उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या जीन्सच्या कारखान्यांपासून बदलापूरच्या नव्या सोसायट्यांपर्यंत हेच काळे डबे भिंतींवर दिसतील. चैत्राली तिथे प्रोग्रामर होती, आणि त्या दिवसांत तिच्याशी तिथे कोणी धड बोलत नव्हतं. माल अडला होता ना! आणि अडवला होता तिच्या टेस्टने.

टेस्ट तशी साधी. डिस्कवर काही लिहायच्या आधी, आपण काय लिहिणार हे रेकॉर्डर एका राखीव जागेत टिपून ठेवतो. त्या जागेला जर्नल म्हणतात. जागा छोटी, त्यामुळे ती संपली की लिखाण वळसा घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, जुन्याच्या अंगावर. नेमकी तेव्हाच लाइट गेली तर? म्हणून टेस्ट मुद्दाम त्याच क्षणी वीज तोडायची, डबा परत चालू करायची आणि आत काय उरलं ते बघायची. नियम एकच. जे पुरं झालं ते ठेवायचं, अर्धवट ते टाकून द्यायचं, जणू कधी नव्हतंच.

पण टेस्ट कधी पास व्हायची, कधी नापास, आणि का ते कोणाच्या बापाला कळत नव्हतं. पुष्कर तिच्याहून सीनियर. त्याचं म्हणणं, डबा एकदम ओके आहे, टेस्टच उडवून टाका. ती बाथरूमला गेली की हा चालू टेस्ट मधेच बंद करून ठेवायचा, वर हसायचा. आणि एके दिवशी सकाळी मालक समीर तिच्या टेबलाशी येऊन सगळ्यांदेखत म्हणाला, "संध्याकाळपर्यंत ही टेस्ट सरळ कर. नाहीतर सुट्टीचा अर्ज घेऊन माझ्याकडे यायचं नाही."

सुट्टी बाळंतपणाची होती. चैत्रालीला पाचवा महिना लागला होता. आधीचं एक टिकलं नव्हतं, आणि या खेपेला डॉक्टरीणबाईंनी पुढे काही महिने पडून राहायला बजावलं होतं. हे मूल तिला हवं होतं. नोकरी, माल, समीर, बाकी सगळं गेलं खड्ड्यात.

दुपारी तिला चूक सापडली. टेस्ट ठरावीक मजकूर लिहायची आणि एव्हाना वळसा झाला असेल असं धरून वीज तोडायची. असेल! डबा कधीकधी मधेच जर्नल रिकामं करायचा, मग वळसा व्हायचाच नाही. चैत्रालीने तो अंदाज काढून टाकला. आता टेस्ट लिखाण कुठवर आलंय ते प्रत्यक्ष बघणार, आणि ते शेवटाकडून पहिल्या जागी वळलं की रिलेने, म्हणजे आपोआप चालणाऱ्या एका छोट्या स्विचने, वीज तोडणार. पुष्करचा हात लागू नये म्हणून कीबोर्डवरून बंद करायची सोयही तिने काढून टाकली.

टक. रिले वाजला. टेस्ट पास.

"माझा वडापाव कुठाय?" पुष्करने विचारलं. अर्धा खाऊन त्याने तो टेबलावर ठेवला होता. आता कागदही नव्हता, चटणीचा डागही नव्हता. त्याने सरळ चैत्रालीच्या पोटाकडे बघितलं. "दोन जिवांची भूक काय?"

चैत्रालीचे कान तापले. त्याला कोणीही गप्प केलं नाही. समीर म्हणाला, एकदा पास झाली म्हणून नाचू नकोस, लूपवर लाव, पुन्हा पुन्हा आपोआप चालू दे. तिने लावली.

टक.

समोरच्या कारखान्याची भिंत एक रंगारी सकाळपासून निळी करत होता. निम्मी झाली होती. चैत्रालीने खिडकीतून सहज बघितलं तर भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत मळकट पांढरी, आणि रंगारी रंगाचा न उघडलेला डबा हातात धरून वॉचमनला काहीतरी विचारत उभा. उन्हाने डोळे दिपले असतील, असं म्हणून ती पाणी प्यायली.

टक.

शेजारच्या टेबलावर किर्ती बसायची, बिलांचं काम बघणारी. तिचा साखरपुडा झाला होता, लग्न मार्गशीर्षात. दिवसभर बोटातली अंगठी फिरवत असायची. ते बोट आता मोकळं होतं. अंगठी काढून ठेवलीस का, असं चैत्रालीने विचारलं.

किर्तीचा चेहरा कडू झाला. "कसली अंगठी? माझं कुठे जमत नाही, म्हणून आता तुम्हीपण टोमणे मारा."

तिच्या बोटावर अंगठीचा वळसुद्धा नव्हता.

साखरपुडा झालेला. लग्न व्हायचं राहिलेलं.

चैत्रालीचा हात पोटावर गेला. आतून बाळाने हळूच ढुशी दिली.

स्क्रीनवर लिखाण जर्नलच्या शेवटाकडे सरकत होतं. तिने कीबोर्डवर बोटं आपटली. काही थांबलं नाही. थांबणार कसं, तिनेच तर पक्कं केलं होतं.

प्लग टेबलामागे होता. ती उठली तर समीर आडवा आला.

"हात लावायचा नाही. सगळ्या पास होतायत."

"सर, बंद करा. माझं बाळ जाईल."

"नाटकं नकोत."

तिने त्याला ढकललं. त्याने तिचं मनगट धरलं. पुष्कर हसत बघत होता.

लिखाण शेवटाला आलं.

वळलं.

टक.

संध्याकाळी माल टेम्पोत चढला. समीर कधी नव्हे तो नीट बोलला. टेस्ट मस्त झाली म्हणाला, आता दिवाळीपर्यंत शनिवारीही यावं लागेल. "तुला काय अडचण? घरी पोरंबाळं नाहीत." चैत्राली हो म्हणाली. खरंच काही अडचण नव्हती. दुपारी आपण कशावरून तरी या माणसाशी भांडलो, एवढंच तिला पुसट आठवत होतं. मनगट दुखत होतं.

पर्स खांद्याला लावून ती जिना उतरायला लागली. एक हात कठड्यावर, एक हात पोटाखाली, एकेक पायरी चाचपत. मागून पुष्कर खेकसला, म्हातारी झालीस काय, सरक ना. ती बाजूला झाली आणि त्याला जाऊ दिलं. मग पुन्हा तशीच, एकेक पायरी. आपण एवढं जपून का उतरतोय, हे काही तिला कळेना.